पळसाच्या पानांचा माणूस

॥ श्री ॥

औरंगपुरा, औरंगाबाद
कार्तिक वद्य ५, शके १८९४

राजमान्य राजेश्री मुकुंदराव यांसी वैजनाथशास्त्री यांचे अनेक आशीर्वाद, विशेष.

इराण देशी भारताचे राजदूत म्हणून आपण रुजू झाल्याचे वर्तमान कळले. संतोष वाटला. चार वेळा लोकसभेत निवडून गेलात, दर अधिवेशनात आपल्या रुंद रेल्वेचा प्रश्न मांडलात, दर अधिवेशनात ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर घेऊन परतलात. पाचव्या खेपेस पक्षाने तिकीट दिले नाही तेव्हा गावातल्या चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या. मी म्हटले, ज्याची वाणी इतकी वर्षे सभेत निष्फळ झाली त्यास ईश्वर आता शिष्टाईवर पाठवील, आणि तसेच घडले. देवाने स्वतः केलेली शिष्टाईही फळास आली नव्हती, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

आता मुद्द्याचे लिहितो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. वैद्य म्हणतात, वयोमानाने शस्त्रक्रिया सोसणार नाही. तेव्हा मी सांगतो आणि चि. पद्मजा लिहिते, आलेली पत्रेही तीच वाचून दाखवते. आजचा विषय तिच्या हातून लिहवून घ्यावा लागतो, यास इलाज नाही.

चि. भानुमतीचे लग्न देवगाव रंगारीच्या कुलकर्ण्यांकडे ठरत आहे. मुलगा पाटबंधारे खात्यात आहे. पत्रिका जमली. अडले आहे ते एका प्रश्नावर. लग्नाआधी नांदीश्राद्धात पितरांची नावे घ्यावी लागतात. मुलीचे वडील हयात असतील तर त्यांचे नाव पितरांत घेता येत नाही. नसतील तर वगळता येत नाही. भानुमतीचे वडील, म्हणजे आपले धाकटे बंधू आणि माझे जामात रंगनाथराव, पोलीस ॲक्शनच्या त्या धामधुमीत कन्नडच्या तहसिलीतून निघाले ते घरी आले नाहीत. भानुमती तेव्हा पोटात होती. रझाकारांनी जाता जाता नेले, असे लोक म्हणतात. आपल्या प्रत्येक निवडणुकीत ‘मुकुंदरावांनी देशासाठी भाऊ दिला’ अशी घोषणा या शहराने दिली आहे. परंतु पाहिले कोणीच नाही.

पाहिले असे म्हणणारा एकच. बिडकीनचा सांडू, जो मुंबई बंदरात हमाली करून आला, तो सांगत असे की रंगनाथरावांसारखा माणूस आबादानच्या बोटीत चढताना दिसला. सांडू गेला, पण त्याच्या एका वाक्यावर पद्मजेने आपले कुंकू आजवर राखले. आबादान आता आपल्या अधिकाराच्या मुलखात आहे.

बारा वर्षे ज्याची वार्ता नाही त्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून दाह करावा, असे शास्त्र आहे. बाराची दुप्पट झाली. मी आजवर तो विधी टाळला, कारण पद्मजा ‘नाही’ म्हणते. आता टाळता येत नाही. तेव्हा तेथे शोध करून खरे काय ते कळवावे, ही विनंती.

आपला शुभचिंतक,
वैजनाथशास्त्री


तेहरान
१४ डिसेंबर १९७२

तीर्थस्वरूप शास्त्रीबुवांच्या चरणी मुकुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. अक्षर पाहिले आणि पाकीट फोडण्यापूर्वीच पद्मजेची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहिली.

येथे मला मान पुष्कळ आहे, काम थोडे, आणि अधिकार त्याहून थोडा. लोकसभेत निदान प्रश्न तरी विचारता येत असे. येथे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे. मेजवानीत शेजारी बसलेल्या माणसाला हवापाण्याविषयी विचारायचे आणि त्याच्या उत्तरातून त्याच्या सरकारचे मन ओळखायचे, हा येथला व्यवसाय. आपल्या शहरात मौलवीसाहेबांनी छडी मारमारून शिकवलेली फारसी उपयोगी पडेल म्हणून तर सरकारने मला येथे पाठवले. पहिल्याच दिवशी गाडीचा चालक हसू दाबत म्हणाला, “आगा, आपण माझ्या पणजोबांसारखे बोलता.” दोनशे वर्षांपूर्वीची फारसी आपण औरंगाबादेत जपून ठेवली आहे, आणि येथे ती कोणी बोलत नाही.

रंगनाथाविषयी काय लिहू? खासदार असताना दोनदा सभागृहात प्रश्न टाकला. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे पहिल्या वेळचे उत्तर. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे दुसऱ्या वेळचे. मंत्रिमहोदयांच्या बाकामागेच माझे बाक होते. ते वळून हळूच म्हणाले होते, “मुकुंदराव, सभागृहाला भाऊ कसा सापडेल?”

या महिन्याच्या अखेरीस दक्षिणेकडील बंदरांच्या दौऱ्यावर निघत आहे. तेथील भारतीय रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकायची आहेत. आबादान त्यात आहे. जुन्या तेलकंपनीत आपल्याकडचे पुष्कळ कारकून होते. काही मागे राहिले. विचारीन.

चि. भानुमतीस आशीर्वाद. पद्मजेस काय लिहावे, सुचत नाही.

आपला,
मुकुंद


॥ श्री ॥

औरंगपुरा
मार्गशीर्ष वद्य ८, शके १८९४

राजमान्य राजेश्री मुकुंदराव यांसी आशीर्वाद.

आपण दौऱ्यावर असाल, तरी हे पत्र लिहिणे प्राप्त झाले. देवगावची मंडळी येऊन गेली. नवऱ्या मुलाची आजी मनकर्णाबाई सोबत होत्या. त्यांनी ओसरीवर बसताक्षणी मला विचारले:

“शास्त्रीबुवा, पोरगी लई गुणाची हाय. आम्हाला हुंडा नको, मानपान नको, दुष्काळाचं साल हाय, रेशनच्या मिलो जवारीच्या भाकरी वाढा म्हनलं तरी खाऊ. पन पोरीचा बाप हाय का नाय, येवढं येकदा सांगून टाका. हाय म्हनलात तरी चालंल, नाय म्हनलात तरी चालंल. अधांतरी कसं चालंल?”

मी म्हटले, “बाई, चौकशी चालू आहे.”

“पंचवीस वर्षं?”

“सरकारी आहे.”

“मग सरकारलाच बसवा की नांदीश्राद्धाला!” असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. आत भानुमती चहा गाळत होती. तीही काही कमी नाही; शाळेत शिकवते, मुलांची सवय जडली आहे. बाहेर येऊन म्हणाली, “आजोबा, मंत्रात ती जागा रिकामी सोडा. आमच्या शाळेच्या फॉर्मात ‘वडिलांचा व्यवसाय’ अशी जागा असते, मी पहिलीपासून रिकामीच सोडत आले.” सगळे हसले. पद्मजा हसली नाही. ती मनकर्णाबाईंना हळदकुंकू लावत होती. भानुमती सांगते, मनकर्णाबाईंनी तिचे कपाळ पाहिले, करंडा तिच्या हातून घेतला, तिला उलट कुंकू लावले आणि म्हणाल्या, “तुला दुखवावं म्हनून नाय गं विचारत, बाई. पोरीच्या संसाराला उद्या कुनी बोट लावू नये म्हनून विचारते.”

बाई शहाणी आहे. म्हणूनच उत्तर द्यावे लागेल. पौषात विधी करून माघात लग्न उरकावे, असा त्यांचा मानस आहे. माघानंतर मुलाची बदली होईल.

मी पद्मजेस शास्त्र समजावले. ती म्हणाली, “बाबा, शास्त्र माणूस नाही म्हणते की बातमी नाही म्हणते?” मी म्हटले, बातमी नाही म्हणते. “मग बातमीचा दाह करा.”

आपल्याविषयी मला भरवसा आहे. चुलत्याच्या चुलत्याचे सूतक म्हणून ज्याने दिल्लीत मंत्र्याच्या घरच्या गणपतीची आरती नाकारली आणि पुढचे मंत्रिपद हातचे घालवले, तो माणूस या बाबतीत अंदाजाने लिहिणार नाही.

वैजनाथशास्त्री

(वरील मजकूर बाबांचा. ती. भाऊसाहेब, माझे दोन शब्द. तुम्ही स्वतः ‘नाहीत’ असे लिहा. त्या दिवशी मी मंगळसूत्र काढीन. कोणाही शास्त्राचे, सरकारचे लिहिलेले मला नको. — पद्मजा)


तेहरान
१२ जानेवारी १९७३

तीर्थस्वरूप शास्त्रीबुवांस शिरसाष्टांग नमस्कार.

दौरा संपवून परवा परतलो. आबादानला गेलो होतो. दिवसाउजेडीही कारखान्याच्या धुराड्यांवर ज्वाळा जळत असतात. नदीकाठी खजुरीच्या बागा आहेत. पलीकडचा तीर दुसऱ्या राज्याचा. मासे मात्र दोन्हीकडे सारखेच पोहतात, असे तेथले लोक म्हणतात. भारतीय मंडळी थोडी उरली आहेत. त्यांनी माझ्यासाठी चहाचा समारंभ केला, हार घातला. माझे भाषण झाले. कशावर बोललो ते आता आठवत नाही.

शोध पुरा केला. याउपर शोधण्यासारखे काही उरले नाही. विधीविषयी शास्त्र सांगेल तसे आपण करावे. मी तेथे नाही आणि येऊ शकत नाही. दोन सरकारांत करारमदाराची बोलणी चालली आहेत, रजा मिळणार नाही. मिळाली असती तरी आलो असतो असे म्हणवत नाही.

दूताने काय बोलावे हे नीतीने सांगितले आहे. त्याने काय गिळावे, हे कोणी सांगितले असल्यास कळवावे.

भानुमतीचे लग्न थांबू देऊ नका.

मुकुंद


॥ श्री ॥

औरंगपुरा
माघ शुद्ध ५, शके १८९४

राजमान्य राजेश्री मुकुंदराव यांसी आशीर्वाद.

आपले पत्र पद्मजेने वाचून दाखवले. पुन्हा वाच म्हटले, पुन्हा वाचले. ‘शोधण्यासारखे काही उरले नाही’ या शब्दांचा अर्थ मला कळला. थोरल्या भावाने याहून उघड कसे लिहावे? मी पद्मजेस म्हटले, “बाळ, आता?” ती म्हणाली, “भानूचं लग्न थांबू द्यायचं नाही.” एवढेच.

आपणास तार केली होती, की पौष वद्य एकादशीस पैठणास विधी आहे, तीन दिवस सूतक पाळावे. पोहोचली असेलच.

त्या दिवसाचा वृत्तांत कळवणे माझे कर्तव्य आहे. गोदावरीस यंदा पाणी असे नाहीच. डोहाडोहांतून थोडे साचले आहे. वर धरणाचे काम चालू आहे आणि खडीच्या मोटारी दिवसभर धावतात. त्यांच्या धुळीत आम्ही बसलो. पळसाची पाने आमच्याकडे पुराण ऐकायला येणाऱ्या आवडाबाईंनी रानातून आणली. दुष्काळात पळस तेवढा हिरवा होता. दर्भाच्या आसनावर पानांनी हात, पाय, छाती रचली. मस्तकाच्या ठायी नारळ, नेत्रांच्या ठायी कवड्या, मांसासाठी जवाचे पीठ, केसांसाठी लोकर. डोळ्यांनी मला काही दिसत नव्हते. हातांनी चाचपून प्रत्येक अवयव जागी आहे ना, हे पाहत होतो. कन्नडला निघताना ज्या जावयाची पाठ थोपटत असे, त्याच्या पाठीवर त्या दिवशी माझा हात पानांतून फिरला.

पुत्र नाही, बंधू परदेशी. अशा वेळी शास्त्राने पत्नीस अधिकार दिला आहे. अग्नी पद्मजेने दिला. त्याआधी मंगळसूत्र काढताना तिचा हात गाठीशी अडला. आवडाबाई पुढे झाल्या. ती म्हणाली, “राहू द्या, त्यांनीच बांधलेली गाठ आहे, सुटायला वेळ लागेल.” सुटली.

पाने ओली असल्याने धूर फार झाला. ती धुरातून उठली नाही.

लग्न माघ वद्यात आहे. वर्षाच्या आत मंगलकार्य, म्हणून दोषपरिहारार्थ विनायकशांती करत आहोत. कन्यादान मी करीन. नांदीश्राद्धात आता रंगनाथरावांचे नाव निःशंकपणे घेता येईल.

पूर्ततेसाठी एक वचन लिहितो. ज्याचा असा दाह झाला तो पुरुष पुढे जिवंत परतला, तर त्यास तुपाने भरलेल्या पात्रात न्हाऊ घालून नवा जन्म झाला असे मानावे. जातकर्म, बारसे, मुंज असे सारे संस्कार पुन्हा करावे, आणि त्याच पत्नीशी त्याचा पुन्हा विवाह लावावा. पद्मजेने लेखणी थांबवून विचारले, “हेही लिहायचं?” मी म्हटले, लिही. शास्त्र अर्धे सांगू नये.

वैजनाथशास्त्री


तेहरान
२० फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप शास्त्रीबुवांस शिरसाष्टांग नमस्कार.

तार एकोणतीस जानेवारीस मिळाली आणि पत्र आज मिळाले. दोन्ही समोर आहेत.

चि. भानुमतीच्या लग्नासाठी येथून एक लहानसा गालिचा पाठवत आहे. वर पक्षी विणलेले आहेत. तिला सांगावे, काकाला येता आले नाही. या मुलीच्या जन्मापासून मी दिल्लीहून दर दिवाळीस फ्रॉक धाडत आलो आणि दर वेळी माप चुकत आलो. गालिच्याला माप लागत नाही.

येथील भारतीय कुटुंबांनी एकतीस जानेवारीस राजदूतावासाच्या दिवाणखान्यात सत्यनारायण केला. यजमान म्हणून मला बसवले. सोवळे नेसलो, सांगता केली, सर्वांना माझ्या हाताने प्रसाद दिला. संकल्प चि. भानुमतीच्या सौख्यासाठी सोडला. शिऱ्यात केशर फार पडले होते. या देशात केशराला तोटा नाही.

डोळ्यांची काळजी घ्यावी. पद्मजेस आशीर्वाद.

मुकुंद


॥ श्री ॥

औरंगपुरा
फाल्गुन शुद्ध ३, शके १८९४

राजमान्य राजेश्री मुकुंदराव यांसी.

हे पत्र मी स्वहस्ते लिहीत आहे. उन्हात पाट मांडून, पट्टीच्या आधाराने ओळी धरून लिहितो. एकीवर एक चढल्या असतील तर क्षमा असावी. लिपी मुद्दाम मोडी घेतली. आपण दोघेही मोडीवर वाढलो, आणि पद्मजेस ती येत नाही. आमच्या घरी मुलींना मोडी शिकवण्याचा प्रघात नव्हता. आज त्या प्रघाताचे मी आभार मानतो.

लग्न झाले. उत्तम झाले. मनकर्णाबाईंनी भानुमतीस कडेवर घेण्याचेच काय ते बाकी ठेवले. पद्मजा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. अक्षता पडल्या तेव्हा तिने आतूनच टाकल्या, असे भानुमती सांगते. आपले पत्र त्यानंतर तिसऱ्या दिवशी आले.

पद्मजेने ते वाचले. गालिचा, फ्रॉक, इथवर तिचा आवाज नेहमीसारखा होता. पुढल्या ओळीवर ती थांबली. मी म्हटले, “अक्षर लागत नाही का?” ती म्हणाली, “लागतं.” मग सत्यनारायणाचे तिने वाचले, केशराचे वाचले, आणि पाणी प्यायला उठून गेली. मला वाटले, मंगलकार्याच्या शिणाने घसा सुकला असेल. स्त्रियांना सूतकाचे दिवस तारखेने मोजता येत नाहीत, असेही वाटले.

मला मोजता येतात. एकादशीस दाह झाला. एकतीस जानेवारी म्हणजे द्वादशी, सूतकाचा दुसरा दिवस. तार आपणांस त्याआधी मिळाली होती, हे आपणच लिहिता. मुकुंदराव, चुलत्याच्या चुलत्यासाठी ज्याने आरती सोडली, त्याने सख्ख्या भावाच्या सूतकात सोवळे नेसून देवाची पूजा केली आणि प्रसाद वाटला? असा अधर्म आपल्या हातून होणार नाही. अर्थात सूतक नव्हते. सूतक नव्हते, म्हणजे मेलेला कोणी नाही.

आपले जानेवारीचे पत्र मी मनातल्या मनात पुन्हा वाचले. ‘शोध पुरा केला.’ शोध दोन रीतींनी पुरा होतो. मी एकच रीत धरली. शब्दाचा अर्थ लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने.

आता मी काय करू? नांदीश्राद्धात जिवंत माणसाचे नाव पितरांत घेतले. जिवंत माणसाच्या देहास माझ्या मुलीच्या हातून अग्नी देवविला. आणि तिला सांगू जावे, तर भानुमतीचे सासर आहे, ज्यांना मी आपल्या तोंडाने ‘नाहीत’ म्हणून सांगितले. न सांगावे, तर रोज सकाळी ती माझ्यापुढे चहा ठेवते आणि मोकळ्या कपाळाने उभी राहते. मला कपाळ दिसत नाही, पण बांगड्यांचा आवाज येत नाही हे ऐकू येते.

खरे काय ते लिहा. मोडीत लिहा, आणि फार मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईत, म्हणजे उन्हात धरून मला वाचता येईल. कोणाकडून वाचवून घेण्यासारखे हे नाही. सत्यनारायणाचे लिहिणे ही चूक होती की खूण?

पत्ता इंग्रजीत लागतो. आपल्या जुन्या पाकिटावर कागद ठेवून गिरवला आहे. कडूबा टपालवाला चांगला आहे, त्याच्या हाती देईन.

वैजनाथ


तेहरान
२५ मार्च

शास्त्रीबुवा,

खूण होती.

आहे. आबादानला. मी भेटलो.

नाव दुसरे आहे. घर आहे, बायको आहे, मुलगे आहेत.

निजामाच्या तहसिलीत होता म्हणून लोक फितूर म्हणू लागले. मारतील या भयाने गेला. पुढे मी निवडून आलो. ‘भाऊ दिला’ हे त्याने तेथे ऐकले. म्हणाला, दादा, मी परतलो असतो तर तू पडला असतास.

मी चार वेळा निवडून आलो.

पद्मजेस कळू देणार नाही, अशी शपथ त्याने माझ्याकडून घेतली. तुमची पत्रे ती वाचते. म्हणून तसे लिहिले.

कागदोपत्री तो त्यांचा नागरिक. मी भारताचा राजदूत. त्याला मी काहीही देऊ शकत नाही, काहीही मागू शकत नाही.

विधी झाल्याचे त्याला कळवले. म्हणाला, बरे झाले. ती सुटली.

मुकुंद


औरंगपुरा
रामनवमी

ती. भाऊसाहेबांस पद्मजेचा नमस्कार.

हे पत्र बाबांनी सांगितलेले नाही. ते खडकेश्वराच्या देवळात रामजन्माला गेले आहेत, आवडाबाई हात धरून घेऊन गेल्या. येईपर्यंत लिहून होईल.

बाबांचं पत्र तुम्हाला मिळालं ते कसं, हे आधी सांगते. पत्त्याची ओळ ओळीवर गेली होती. कडूबाने दुसऱ्या दिवशी पाकीट परत आणलं. म्हणाला, “ताई, हे कुठलं गाव म्हनायचं? मला तर मुंग्या पळाल्यावानी दिसतंय.” मी नव्या पाकिटावर पत्ता घातला. आतला कागद काढताना नजर गेलीच. वरच्या ओळींतच माझं नाव होतं. वाचलं.

मला मोडी येते. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनीच शिकवली. कन्नडहून घरी पत्र यायचं ते सासूबाई आणि घरातल्या बायका वाचायच्या. मग हे एका कोपऱ्यात माझ्यासाठी मोडीत दोन ओळी घालायचे. सासूबाई म्हणायच्या, हे काय, हिशेब? मी म्हणायची, हो, हिशेब. बाबांना हे कधी सांगितलं नाही. सासरी जाऊन मुलगी काय शिकली, हे कोण विचारतं?

आणि बाबांना वाटतं, बायकांना तारखा लागत नाहीत. भाऊसाहेब, सूतक बायकाच मोजतात. लोणच्याच्या बरणीला कोणी कधीपासून हात लावायचा नाही, हे घरात कोण सांगतं? सत्यनारायणाच्या ओळीवर मी थांबले, ती त्यासाठीच. पण खरं म्हणजे मला आधीच कळलं होतं. मी लिहिलं होतं, ‘नाहीत’ असं लिहा. तुम्ही सगळं लिहिलंत, धुराडी लिहिलीत, खजूर लिहिलेत, तेवढा एक शब्द लिहिला नाहीत. तुम्ही खोटं लिहिणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी पैठणला बसले. मनकर्णाबाई चूक नव्हत्या. भानूला अधांतरी किती ठेवायची?

तेव्हा तुम्ही दोघांनी माझ्यामुळे जीव जाळू नका. मला फसवून कोणी काही केलं नाही.

यांना एवढंच कळवा. लग्न चांगलं झालं. भानूचं नाक यांच्यासारखं आहे. सोबत फोटो पाठवते, तो द्या. मागं काही लिहिलेलं नाही, कोणी बघितला तर कोणाचीही मुलगी म्हणता येईल. आणि ती सुटली, असं ते म्हणाले ना, त्याला माझं उत्तर काही नाही. गाठ सुटायला वेळ लागला होता, हे बाबांनी तुम्हाला लिहवलंय. त्यांना हवं तर तेवढं वाचून दाखवा.

बाबा आहेत तोवर त्यांनी येऊ नये. नंतरही कशाला? शास्त्रात त्यांना तुपात न्हाऊन परत जन्मायची सोय आहे, ती मी माझ्याच हाताने लिहिली. तिकडच्या मुलांना ती कशी लागू पडेल, ते लिहिलेलं नाही.

आता शेवटचं, आणि याला काय करावं ते तुम्हीच सांगा. तुमचं मोडी पत्र आलं ते मी न फोडता बाबांच्या हाती दिलं. ते उन्हात अंगणात बसले. कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, तिरपा केला. तुम्ही इतकं मोठं लिहिलंत की मला स्वयंपाकघराच्या दारातून सगळं वाचता आलं, आणि बाबांना मांडीवरचं एक अक्षर लागलं नाही. ऊन उतरेपर्यंत बसले होते. रोज दुपारी बसतात. कागद आता घामाने मऊ पडलाय.

काल मी ताक घेऊन गेले, तर कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, “हे बघ गं.” मग हात मागं घेतला. कागदाची घडी घालत म्हणाले, “तुला मोडी येत नाही ना?”

मी म्हटलं, “नाही, बाबा.”